डोक्यावर हात ठेवला की बरं वाटायचं

आमच्या घरात डोक्याला हात लावून बसलेलं चालत नाही. सासूबाईंचा नियम आहे, दिवेलागणीला तर अजिबातच नाही. आणि दोन वर्षांमागच्या डिसेंबरात मी दिवसातला निम्मा वेळ उजवा हात डोक्यावर ठेवून बसलेली असायचे, पेपर वाचताना, टीव्हीसमोर, रात्री झोपताना तर हमखास, कारण तेवढ्यानंच जरा बरं वाटायचं. हात खाली सोडला की फऱ्यापासून मधल्या बोटापर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढतंय असं व्हायचं. "अगं काय सारखी डोक्याला हात लावून बसतेस, घरात काही वाईट झालंय का," असं त्या दोनतीनदा म्हणाल्या आणि मी चिडून उठून आत गेले. पुढे त्याच हातावरून डॉक्टरनं अर्धं निदान केलं, मानेतली नस धरल्याचं, ते येईलच पुढे.

ज्याच्यानंतर हे सुरू झालं तो अपघात म्हणावा इतका मोठा अपघात नव्हता, तीच तर गंमत आहे. भाऊबीज करून कोल्हापूरहून परत येत होतो, १९ नोव्हेंबर २०२३, वर्ल्डकपची फायनल. दोन वाजता मॅच सुरू होणार म्हणून रस्त्यावर जो तो घाईत. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत आमची गाडी उभी होती, नवऱ्याचा पाय ब्रेकवर, मी पुढच्या सीटवर पण उजवीकडे पूर्ण मागे वळलेली, सासूबाईंना आवळा सुपारीची डबी देत होते. मागून एक पिकअप आली आणि धाडकन बसली. वेग फार नसावा. डिकी चेपली, बंपर लोंबायला लागला, लेक रडायला लागली, कोणालाही साधं खरचटलंसुद्धा नाही. पिकअपवाला पोरगा हात जोडून उभा, मालकाला कळलं तर नोकरी जाईल म्हणाला, नवऱ्यानं बंपरचे सहा हजार जीपेवर घेतले आणि विषय संपवला. माझ्या मानेचं नाव त्या हिशेबात कुठेच नव्हतं, कारण तेव्हा मान दुखतच नव्हती.

चारच्या सुमारास मान धरली. म्हणून जवळच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत गेलो, तिथे टीव्हीवर मॅच लावलेली, मी एक्सरेसाठी बसलेली असताना कोहली बोल्ड झाला आणि अख्खी कॅज्युअल्टी पेशंटसकट गप्प झाली. ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं की अपघाताची केस आहे तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करायची का. आम्ही म्हटलं नको, पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार. एक्सरे नॉर्मल. गोळ्या, मलम, घरी. "काहीही झालेलं नाही" हे वाक्य मी पुढचे पंधरा दिवस सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं.

त्या डॉक्टरची चूक नव्हती असं मला आता वाटतं. एक्सरे काढतात तो हाड मोडलंय का, मणका सरकलाय का हे बघायला, आणि ते बघणं पहिलं काम आहेच. पण एक्सरेत हाड दिसतं. दोन मणक्यांच्या मधली गादी त्यात दिसत नाही, नस तर नाहीच नाही, फार तर दोन मणक्यांमधली मोकळी जागा कमी झालेली दिसते. म्हणजे "एक्सरे नॉर्मल" याचा अर्थ "हाड शाबूत" एवढाच. आपण तो "सगळं शाबूत" असा घेतो.

धक्क्यात नक्की काय होतं ते मी नंतर वाचून काढलं, गणित शिकवते त्यामुळे असल्या गोष्टीत रस वाटतो. मागून ठोकर बसली की सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते. धड पुढे जातं. डोकं मात्र आहे तिथंच राहायला बघतं, आणि डोकं म्हणजे साधारण साडेचार ते पाच किलोचं ओझं, पाच किलोची आट्याची पिशवी एका दांडीवर तोलून धरलीय समजा. त्या पहिल्या एक-दशांश सेकंदात मानेचा एस आकार होतो, खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे, आणि त्यानंतर अख्खं डोकं मागे फेकलं जाऊन पुढे येतं. स्नायूंना आवळून धरायला वेळच मिळत नाही, धक्का बसला हे कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. डोक्यामागे हेडरेस्ट नीट उंचीवर असेल तर ते डोक्याला लवकर अडवतं. माझं डोकं हेडरेस्टसमोर नव्हतंच, मी वळून बसले होते, त्यामुळे मानेला धक्का सरळ न बसता पीळ असताना बसला.

आता गादीबद्दल. आपल्याकडे तीन शब्द चालतात, "गादी सरकली", "मणक्यात गॅप आला" आणि "नस दबली". यातला गॅप मला सगळ्यात मजेशीर वाटतो कारण होतं नेमकं उलटं, गादी झिजली की मधली जागा कमी होते, वाढत नाही. आणि सरकली म्हणजे ताटलीसारखी बाहेर घसरली असंही नाही, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. अशा २३ गाद्या असतात पाठीच्या कण्यात, मानेतल्या अगदी वरच्या दोन मणक्यांच्या मध्ये नसते. बाहेरचं कडं चिरोट्यासारखं, पापुद्र्यावर पापुद्रे, आणि प्रत्येक पापुद्र्यातले धागे शेजारच्याच्या उलट्या दिशेनं तिरके, म्हणून ते इतकं चिवट. आत मऊ गर, त्यात बहुतेक पाणीच. तरुणपणी पाणी जास्त, वय वाढेल तसं कमी. आणि मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, वरच्याखालच्या हाडातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. म्हणून बोट कापलं तर आठवड्यात भरतं आणि गादीला चीर गेली तर महिनोन्महिने.

एमआरआयच्या रिपोर्टमधले शब्दही मोदकावरून चटकन कळतात. मोदक बसून सगळीकडून जरा पसरला, पारी शाबूत, तर तो बल्ज. पारी एका जागी पातळ होऊन तिथेच टेंगूळ आलं तर प्रोट्रूजन. पारी फुटली आणि सारण बाहेर आलं तर एक्स्ट्रूजन. सारणाचा तुकडा तुटून वेगळाच पडला तर सिक्वेस्ट्रेशन. ऐकायला शेवटचं सगळ्यात भयंकर वाटतं, पण बाहेर आलेलं सारण शरीराला परकं वाटतं, पांढऱ्या पेशी येऊन ते हळूहळू खाऊन टाकतात, आणि त्यामुळे मोठा तुकडा आपोआप विरघळण्याची शक्यता साध्या बल्जपेक्षा जास्त असते. हे मला डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मला वाटलं माझी समजूत काढतायत. मग वाचलं तर खरंच निघालं.

माझं दुखणं हाताकडे कधी सरकलं ते नीट आठवतंय. दहा डिसेंबरच्या आसपास, रविवारी, कणीक मळत होते आणि उजव्या तळव्यानं दाबच देता येईना. दुखत होतं म्हणून नाही, जोरच नव्हता. त्याआधी मधल्या बोटाला मुंग्या येत होत्या पण ते मी सहामाहीच्या पेपर तपासणीवर ढकललं होतं. शाळेत अजून एक विचित्र गोष्ट, फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना काही त्रास नाही, उलट बरं वाटायचं, आणि खुर्चीत बसून वह्या तपासल्या की पंधरा मिनिटांत हात भाजायला लागायचा. गुळण्या करायला मान मागे टाकली की सणक. सहकारी म्हणायच्या, ही काय तुझी सोयीची दुखणी.

शेवटी स्पाइनच्या डॉक्टरकडे गेलो. मी केबिनमध्ये शिरले तीच हात डोक्यावर ठेवून, सवयीनं. ते म्हणाले, "मॅडम, असं बरं वाटतं का?" म्हटलं हो. म्हणाले, "मग मानेतली नस आहे." हात वर घेतला की नसेवरचा ताण सैल होतो म्हणे, मानेतली गादी नसेला लागलेली असली की पुष्कळ पेशंट आपणहून हेच करतात, कोणी न शिकवता. मग त्यांनी माझं डोकं उजवीकडे कलतं करून वरून हलकेच दाबलं, आणि मी ओरडले. कोपराच्या मागे छोटी हातोडी मारली, डावा हात उडाला, उजवा ढिम्म. टाचणीनं बोटं टोचली, मधलं बोट बधिर. एमआरआयच्या आधीच कागदावर लिहिलं, सी७, म्हणजे मानेतली सातवी नस.

इथं एक गणित आहे जे मला फार आवडलं. मानेत मणके ७ पण नसांच्या जोड्या ८. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, त्यामुळे सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली गादी बिघडली की सातवी नस धरली जाते, आणि सातवी नस म्हणजे मधलं बोट आणि दंडाच्या मागचा स्नायू, ज्यानं आपण ढकलतो, दाबतो, कणीक मळतो. त्याच्या वरची गादी असती तर अंगठ्याला मुंग्या आल्या असत्या. कमरेत बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्या बिघडतात, तिथं हातांऐवजी पाय, ज्याला सगळे सायटिका म्हणतात. म्हणजे कुठलं बोट बधिर आहे हे नीट बघून सांगितलं तर डॉक्टरचं निम्मं काम होतं. मी आधी नुसतं "हात दुखतो" म्हणत होते.

आणि हाताचं दुखणं तीन आठवडे उशिरा का? एक तर गादी धक्क्यात चिरली जाते, पण आतला गर त्या चिरेतून लगेच बाहेर येईलच असं नाही. दुसरं म्हणजे नस नुसती दाबली जाऊन एवढी दुखत नाही, बाहेर आलेल्या गरातली रसायनं तिला लागली की तिथं आग पेटते, सूज येते, आणि त्यानंतर ते तारेसारखं दुखणं. बाहेरच्या पापुद्र्यांना स्वतःच्याही बारीक नसा असतात म्हणून नुसती चीर असेल तरी मान दुखते, हात न दुखता.

एमआरआय झाला, त्या नळकांड्यातला ठोकठोक आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर आला आणि डॉक्टरला दाखवण्याआधी मी तो वाचला, ही चूक तुम्ही करू नका. सी६-सी७ला उजवीकडे एक्स्ट्रूजन, ते अपेक्षित होतं. पण त्याच्याबरोबर सी४-सी५ला बल्ज, सी५-सी६ला बल्ज, "डिजनरेटिव्ह चेंजेस" म्हणजे झीज, गाद्यांतलं पाणी कमी, असं एक पानभर. त्रेचाळिसाव्या वर्षी मान संपली असं वाटून मी रात्रभर जागी.

मग कळलं की हे पानभर जवळजवळ सगळ्यांच्याच रिपोर्टात निघेल. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते छापून आलं, आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली सापडली. विशीतल्या पोरांमध्येसुद्धा दहातल्या सात जणांच्या वर. मस्त हिंडतायत फिरतायत, आणि गादी फुगलेली. म्हणजे केस पिकतात तशी गादी पिकते. म्हणून डॉक्टर माझ्या रिपोर्टकडे बघायच्या आधी माझ्या बोटांकडे बघत होते, जे बोट बधिर तीच नस आणि त्याच बाजूला फुटलेली गादी जुळली तर ते खरं, बाकीचे बल्ज गेले खड्ड्यात.

पण याच्यातूनच दुसरी पंचाईत उभी राहते आणि माझ्या मते अपघातवाल्यांसाठी खरा कळीचा प्रश्न हा आहे. हे अपघातानं झालं की आधीच होतं? विमा कंपनीच्या पत्रात हेच विचारलेलं, डिजनरेटिव्ह लिहिलंय म्हणजे जुनाच आजार ना. वकिली करणारा मावसभाऊ म्हणाला, एमएलसी नाही, पोलिसात नोंद नाही, त्या दिवशीच्या केसपेपरवर हाताचा उल्लेख नाही, आणि बंपरचे पैसे घेऊन तुम्ही मिटवलंय, आता मोटार अपघात न्यायाधिकरणात काय घेऊन जाणार. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, तेवढा वेळ होता, पण कागद नव्हते. मी डॉक्टरला सरळ विचारलं, तुम्ही सांगा, धक्क्यानं झालं की वयानं? ते म्हणाले, "जुनी साडी असते नं, नेसताना काही होत नाही, एक दिवस दाराच्या कडीत अडकते आणि फाटते. साडी जुनी होती म्हणून फाटली की कडीत अडकली म्हणून?" एमआरआयमध्ये तारीख छापलेली नसते. ताज्या मारात हाडाला सूज किंवा आजूबाजूला रक्त दिसलं तर अंदाज येतो, पण माझा एमआरआय महिन्यानं झाला, तोवर तसं काही नव्हतं.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अपघात न होताही हे होतं, आणि तसंच जास्त होतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टर गावातले १९७६ ते १९९० या काळातले ५६१ पेशंट अभ्यासले होते, सगळे मानेतली नस धरलेले, तर त्यातल्या फक्त १४.८ टक्के लोकांना आधी काही मार किंवा जोराचं काम आठवत होतं. सगळ्यात जास्त सातवी नस, म्हणजे माझीच. हे वाचून मी विमा कंपनीवर जेवढी चिडले होते तेवढी राहिले नाही, तरी जरा चिडलेलीच आहे. कारण १८ नोव्हेंबरला मी कणीक मळत होते आणि डिसेंबरात नाही, यात माझ्या मते पिकअपचा हात आहेच. त्याच अभ्यासात शेवटी ९० टक्के लोकांना काहीच त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता, आणि ऑपरेशन २६ टक्क्यांचंच झालं होतं. हा आकडा मी तेव्हा फ्रिजवर चिकटवला होता, खोटं नाही सांगत.

उपचारांत सांगण्यासारखं फार नाही, कंटाळवाणेच होते. मानेला मऊ पट्टा थोडेच दिवस आणि तोही प्रवासात, कारण सारखा घातला की मानेचे स्नायू आळशी होतात. रात्री प्रेगाबॅलिन, नसेच्या दुखण्यावरची गोळी, त्यानं झोप लागायची पण सकाळी जमीन हलते असं वाटायचं, पहिल्या दिवशी दाराच्या चौकटीला धडकले. झोपून राहू नका, जमेल तेवढं हालचाल करत राहा, स्कूटी बंद. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा, मुख्य व्यायाम काय तर हनुवटी आत घ्यायची, डबल चिन दाखवायची, दिवसभर. वर्गात पोरं नक्कल करायची. फिजिओथेरपीचा खर्च मेडिक्लेममध्ये बसला नाही, अॅडमिट नव्हते ना. सहा आठवड्यांत ताकद आणखी कमी झाली असती तर मानेत इंजेक्शन किंवा समोरून गळ्याच्या बाजूनं जाऊन गादी काढायचं ऑपरेशन, असं ठरलं होतं. तशी वेळ आली नाही.

मधल्या काळात सल्ले किती आले. एक काका कोल्हापूरकडच्या हाडवैद्याकडे न्यायला गाडी घेऊन तयार. नवऱ्याच्या सलूनवाल्यानं तर निरोपच पाठवला, वहिनींना आणा, एका झटक्यात कट्ट करून मोकळी करतो. डॉक्टर एरवी शांत माणूस, हे ऐकून खुर्चीतून पुढे आले, फुटलेली गादी असताना मान मोडून घेतली तर तुकडा थेट मज्जारज्जूवर जाऊ शकतो, आणि मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चिरली तर पक्षाघात. सलूनात नुसती चंपी करून घ्या, मानेला हात नको म्हणाले. नवऱ्यानं तेव्हापासून स्वतःचीही मान मोडून घेणं बंद केलंय.

त्यांनी अजून काही गोष्टी लिहून दिल्या होत्या, त्यातलं काही दिसलं तर रात्री दोन वाजताही फोन करा म्हणून. ब्लाउजचे हूक लावता न येणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, मान पुढे वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट जाणं, म्हणजे नुसती नस नव्हे, मज्जारज्जूच दाबला जातोय. लघवी अडकणं किंवा नकळत होणं. कमरेचा त्रास असणाऱ्यांना त्यात भर म्हणजे बसायची जागा बधिर होणं आणि पाऊल उचलता न येणं. यात "उद्या बघू" करायचं नाही, काही तासांवर पुढचं सगळं ठरतं.

मार्चपर्यंत तार गेली. ताकद यायला मे उजाडला, आधी कणीक अर्धी मळायची आणि अर्धी लेक, मग एक दिवस लक्षात आलं की पूर्ण मीच मळली. कोपरावर हातोडी मारली की उजवा हात अजून डाव्याइतका उडत नाही, तो कदाचित तसाच राहील म्हणाले. पेपरांच्या दिवसांत मधलं बोट कधीकधी आठवण करून देतं.

गेल्या महिन्यात नणंदेच्या नव्या गाडीतून लग्नाला गेलो. पुढच्या दोन्ही सीटची हेडरेस्ट काढून डिकीत ठेवलेली, मागच्यांना समोरचं नीट दिसावं म्हणून. मी गाडी थांबवून ती बसवायला लावली, वर ओढून कानांच्या वर येतील अशी. नणंद म्हणाली, "वहिनी, तुझं आपलं काहीतरीच." सासूबाई मागून म्हणाल्या, "बसव गं मुकाट्यानं," आणि मी पुढे बघत, न वळता, आवळा सुपारीची डबी खांद्यावरून मागे दिली.